मधलं अंथरूण

मला अकराव्या वर्षी सून करून तळोद्याला आणलं, ते सासूबाईंना आणखी मूल होऊ नये म्हणून. हे मला कळायला पंचवीस वर्षं जावी लागली. तोवर माझी समजूत होती की माझ्या रूपागुणांवर भाळून आणलं. रूप बेताचंच होतं. गुणांचं म्हणाल तर रुसणं तेवढं मला नीट येत होतं. पण त्या वयात स्वतःबद्दल काहीही चांगलं सांगा, पोर विश्वास ठेवते.

माझं माहेर लोणखेड्याचं. वडिलांची नदीकाठची थोडी जमीन, आम्ही चार भावंडं, वर्षाचं धान्य वर्षाला पुरायचं, एवढंच. तळोद्याचं घर आमच्यापुढे फार मोठं. त्यांची शेती होती, शिवाय डोंगरातून उतरणाऱ्या सागाच्या लाकडाचा व्यापार. असं घर आपणहून मागणी घालतं म्हटल्यावर वडिलांना रात्री झोप लागली नाही. लग्न झालं. आमच्याकडे तेव्हा लग्नं लहानपणीच होत, पण मुलगी न्हातीधुती होईपर्यंत माहेरीच राही. माझ्या सासरच्यांनी मात्र मांडवातच सांगितलं, पोर आत्ताच घेऊन जातो. आई रडली. वडील म्हणाले, बघ, त्यांना पोरीवाचून करमत नाही. नशीब काढलं हिने.

नवरा पंधरा वर्षांचा. तो धुळ्याला इंग्रजी शाळेत, सुट्टीला यायचा आणि पाहुण्यासारखा जेवून जायचा. त्याच्याशी बोलायची सोय नव्हती, आणि खरं सांगायचं तर बोलण्यासारखं काही नव्हतंही. माझं सगळं जग म्हणजे सासूबाई.

त्या तेव्हा चौतिशीच्या असतील. बुटक्या, सावळ्या, हसल्या की खांदे हलायचे. पोरींना सासूचा जो धाक घालतात त्यातलं काहीच मला तिथे दिसलं नाही. त्यांनी माझी वेणी घातली, खापरावर मांडे करायला शिकवलं, भाजलं तर बोटाला तूप लावलं. सासरे बाहेर मोठ्या आवाजाचे होते. ओट्यावर बसून बोलत तेव्हा चौकापर्यंत ऐकू येई. पण घरात पाऊल टाकताना आधी खोकत आणि मग जणू दुसऱ्याच्या घरात आल्यासारखे हळू चालत.

ते माडीवर झोपत. माझे दोन लहान दीर त्यांच्याजवळ. खाली माजघरात सासूबाई आणि मी. माझं अंथरूण कुठे घालायचं हे पहिल्याच दिवशी ठरलं होतं. सासूबाईंचं अंथरूण भिंतीकडे, मग माझं, आणि माझ्या उशाशी जिन्याचं दार. वरून कुणी उतरलं किंवा खालून कुणी चढलं तर मला ओलांडूनच जावं लागेल, अशी ती जागा. मला वाटायचं, पोर परक्या घरी भिईल म्हणून जवळ घेतलं. पहिल्या वर्षी निरोप घेऊन आलेल्या मावशीला मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं, आत्याबाई मला एकटीला झोपू देत नाहीत. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची.

मागची गोष्ट मला नंतर जुळवता आली. सासूबाईंची सात बाळंतपणं झाली होती, तीन मुलं जगली. शेवटच्या वेळी त्या मरणाच्या दारातून परत आल्या. डॉक्टरला टांगा पाठवून आणलं होतं. त्याने सासऱ्यांना ओट्यावर नेऊन सांगितलं, पुन्हा दिवस गेले तर बाई हाती लागणार नाही. दिवस जाऊ नयेत म्हणून काय करायचं हे त्याने सांगितलं नाही, आणि सासऱ्यांची विचारायची छाती झाली नाही. मग त्यांनी मोठ्या घरांना ठाऊक असलेला उपाय केला. आमच्याकडे घरात सून आली की सासूने नवऱ्यापासून वेगळं व्हायचं. सून असताना सासूला दिवस गेले तर गाव तोंडावर हसतं. तेव्हा लवकरात लवकर सून आणायची. आणायला पैसा लागतो, आणलेलीला पोसायला अन्न लागतं, वेगळं झोपायला दोन मजले लागतात. त्यांच्याकडे हे सगळं होतं. गरिबाला असा उपाय परवडत नाही, आणि परवडला तरी एका खोलीत तो करणार कसा? मोठ्या घरात तो वाजतगाजत, मांडव घालून आला. गावभर जेवणावळी उठल्या, आणि कशासाठी हे कुणालाच कळलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

यात दुष्टपणा कुणाचाच नव्हता. सासऱ्यांनी हे बायको वाचावी म्हणून केलं. वयाच्या चाळिशीच्या आत ते आपण होऊन माडीवर गेले. त्याचाच मला जास्त राग येतो. कुणी वाईट असतं तर त्याला शिव्या घालून मोकळी झाले असते.

त्यांचं एकमेकांशी बोलणं माझ्यातून व्हायचं. सासरे म्हणायचे, 'तुन्ही सासूले सांग, आज जेवाले दोन माणसं शेत.' सासूबाई तीन हातांवर उभ्या असायच्या, ऐकत असायच्या, तरी मी जाऊन सांगायची, जेवायला दोन माणसं आहेत. त्या म्हणायच्या, 'सांग, भाकरी व्हयी जाईत.' मला तो खेळ वाटायचा. उन्हाळ्यात सासरे बाजारातून मोगऱ्याचे दोन गजरे आणत आणि दोन्ही माझ्या हातात देत. एक तुला, म्हणत, आणि दुसऱ्याचं काही न बोलता जिना चढत. दुसरा मी सासूबाईंच्या अंबाड्यात माळायची. त्या मान वाकवून बसत आणि मी गजरा खोचल्यावरही बराच वेळ मान वर करत नसत.

आता आखाजीचं, म्हणजे अक्षय तृतीयेचं सांगते. खानदेशात लेकीला माहेरी नेण्याचा खरा सण तोच. उन्हाळ्यात, आंबे उतरले की मुराळी येतो, म्हणजे भाऊ किंवा काका गाडी जुंपून न्यायला येतो. मग पंधरा-वीस दिवस झोके, गौराई, गाणी, आमरस आणि कामाला हात लावायचा नाही. बाकी वर्षभर सासरी काहीही सोसा, आखाजी आहे म्हणून बाया सोसतात.

पहिल्या वर्षी माझा भाऊ आला. त्याला ओट्यावर बसवलं, गूळपाणी दिलं, जेवू घातलं आणि परत पाठवलं. सासूला करमणार नाही, असं कारण. मी धान्याच्या कणगीमागे बसून रडले. गल्लीतल्या लेकी माहेरी आल्या होत्या, लिंबाला झोके टांगले होते, आणि मी सून म्हणून दाराच्या आतून बघत होते. माझं गाव फार लांब नव्हतं. सकाळी गाडी निघाली की दिवस मावळायच्या आत पोचते. पण मला ते तेव्हा काशीइतकं लांब वाटलं. दुसऱ्या वर्षी भाऊ पुन्हा आला आणि पुन्हा रिकामी गाडी घेऊन गेला. जाताना आईचा निरोप सांगून गेला, रडू नको, चांगल्या सुना अशाच राहतात.

त्या दिवशी माझ्यात काहीतरी ताठ झालं. मी ठरवलं, ठीक आहे, मला माहेर नको. ज्यांनी दोनदा नुसतं गूळपाणी पिऊन मला सोडून दिलं, ते माझे कोण? माझं माणूस म्हणजे आत्याबाई. त्यांचे पाय चेपायला मी, त्यांच्याशेजारी मी. एकटं पडलेलं पोर ज्याने हात धरला त्याचं होतं, तशी मी त्यांची झाले.

तिसऱ्या वर्षी चैत्रात गाद्या पिंजायला पिंजारी आला. दरवर्षी यायचा. परसात पिंजण टांगून बसला की दिवसभर पिंजणाच्या तातीचा ताँय ताँय आवाज आणि सगळीकडे कापसाचा भुरका. त्याची बायको बरोबर असायची, ती गाद्या भरायला आणि शिवायला. ही मुसलमान बाई गावातलीच, पिढ्यान्‌पिढ्या इथली, बोलायला आमच्यासारखीच अहिराणी, मधे मधे हिंदी. तोंडाची सैल आणि हाताची चलाख. तिची पोरं परसात खेळत होती, आणि सासूबाई त्यांच्याकडे बघत होत्या.

'तुन्हा पोऱ्यास्मा इतलं अंतर कसं पडनं वं?' त्यांनी विचारलं.

पिंजारीण सुई दातात धरून हसली. 'तुम्हनं घर मोठं शे, शेठाणी. तठे भिंती शेत. आम्हनी एकच खोली शे. आम्ही भिंत कोठे घालूत?'

तेवढ्यात मला पाणी आणायला पिटाळलं. मी हंडा घेऊन आले तेव्हा दोघी अगदी जवळ जवळ बसल्या होत्या आणि मला पाहून गादीच्या टाक्यांबद्दल बोलू लागल्या. सासूबाईंचे कान लाल झाले होते. मला वाटलं ऊन लागलं.

तिने काय सांगितलं ते मला पुढे तिच्याच तोंडून कळलं. स्वच्छ पिंजलेल्या कापसाचा बोळा, दोऱ्याने बांधलेला, लिंबोळीच्या तेलात भिजवून आत ठेवायचा, म्हणजे दिवस जात नाहीत. पिंजाऱ्याच्या घरात कापसाला तोटा नाही, आणि गरिबांच्या दिव्यात तेव्हा लिंबोळीचंच तेल जळे. घरात होतं त्यातून त्यांनी आपला मार्ग काढला होता. आमच्या गोठ्यात शेण काढायला डोंगरातली एक बाई यायची, तिच्या लोकांत लेकरू तीन-तीन वर्षं अंगावर पीत असे, तोवर दुसरं राहत नसे. जिथे जे असतं ते बायका वापरतात. आमच्या घरात माडी होती.

पिंजाऱ्याने काम आवरल्यावर सासूबाईंनी उरलेला पांढराशुभ्र कापूस निवडून घेतला आणि एका पितळी डब्यात घातला. वातींसाठी, म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी पिंजारीण पदराखालून एक बाटली देऊन गेली. बूच काढलं तर कडू, उग्र वास. मी म्हटलं, 'आत्याबाई, हाई तं गरीबना दिवानं तेल. आपले कशाले?'

'तुन्हा डोकामा उवा व्हयनात म्हणून.'

मी दोन दिवस डोकं पुढे करून बसले. त्यांनी ते तेल माझ्या डोक्याला काही लावलं नाही.

आखाजी जवळ आली. त्या वर्षी सासूबाईंची चाल निराळीच होती. गुणगुणत होत्या. स्वतः सांजोऱ्या तळल्या, मला नवं लुगडं काढलं, हातभर बांगड्या भरवल्या. भाऊ आला तेव्हा माझं बोचकं बांधून ओट्यावर तयार होतं. बैल सोडायच्या आतच त्या दारात येऊन म्हणाल्या, 'जाय पोरी. चांगले पंधरा दिन ऱ्हाय. ह्या दोन्ही पोऱ्यासले बी ली जाय, आंबा खातीन.'

दीर उड्या मारायला लागले. सासरे ओट्यावर बसले होते. आत बैठकीत लाकडाचे दोन व्यापारी होते. भावाचं तोंड आनंदाने फुललं. सगळे माझ्याकडे बघत होते.

आणि मी म्हणाले, 'मी नई जासू.'

सासूबाईंना वाटलं मी लाजते आहे. त्यांनी पुन्हा म्हटलं, जाय वं. मी खांब धरला. दोन वर्षांचा रुसवा होता, आणि त्याच्याखाली दोन वर्षांचं प्रेमही. दोन्ही मिळून माझ्या तोंडून सगळ्यांना ऐकू जाईल असं बाहेर पडलं. 'आत्याबाईसले सोडीसन मी कोठेच नई जासू. त्यासना पाय कोन चेपी?'

सासऱ्यांनी मांडीवर थाप मारली. बैठकीकडे वळून त्यांच्या बाहेरच्या मोठ्या आवाजात म्हणाले, 'दखा! आशी सून नशीबवालासलेच भेटस.' व्यापाऱ्यांनी माना डोलावल्या. भाऊ मान खाली घालून उभा. सासऱ्यांना काहीच ठाऊक नव्हतं. त्यांना कोण सांगणार? सांगायचं तर माझ्याचमार्फत सांगावं लागलं असतं.

सासूबाई माझ्याकडे बघत नव्हत्या. त्या सासऱ्यांकडे बघत होत्या. तीन वर्षांत मी त्यांना असं सरळ, डोळे भरून नवऱ्याकडे बघताना पाहिलं नव्हतं. मग माझ्या बोचक्याची गाठ सोडता सोडता त्या म्हणाल्या, 'बरं. ऱ्हाय.'

गल्लीत माझं कौतुक झालं. सासवा आपल्या सुनांना माझं उदाहरण द्यायच्या. त्या उन्हाळ्यात सासऱ्यांनी गजरे आणले तेव्हा मी नेहमीप्रमाणे एक सासूबाईंच्या अंबाड्यात खोचायला गेले. त्या म्हणाल्या, तूच माळ दोन्ही. मी दोन्ही माळून आरशात पाहिलं आणि खूश झाले.

पावसाळा सरत आला आणि तळोद्यात ताप पसरला. डोंगराच्या पायथ्याचं गाव, दरवर्षी पसरायचा. सासऱ्यांना थंडी वाजून ताप भरला तो उतरेना. मग सासूबाई माडी चढल्या. आजारी माणसाजवळ बायकोने बसायला कुणाची आडकाठी नसते. त्या आठवड्यात त्या खाली आल्याच नाहीत. मी काढा घेऊन वर गेले की दिसायचं, सासऱ्यांचं डोकं त्यांच्या मांडीवर आणि त्या त्यांच्याशी बोलताहेत. हळू, सारखं, माझ्यातून न जाता. सासरे तापात होते, त्यांना त्यातलं किती कळलं देव जाणे. एकदा मी दाराशी उभी राहिले तर सासूबाई हसत होत्या, खांदे हलत होते. जवळ गेले तेव्हा दिसलं की रडत होत्या.

ते गेले. आमच्याकडे माणूस जिथे गेला त्या जागी दहा दिवस दिवा ठेवतात, तो विझू द्यायचा नसतो. वाती वळायला बायका बसल्या. सासूबाई कोपऱ्यात होत्या, बांगड्या फुटलेल्या, कपाळ पुसलेलं. त्या उठल्या, पेटी उघडली, तो पितळी डबा आणि ती बाटली काढली. स्वतःच्या हाताने त्या कापसाची वात वळली आणि दिव्यात बाटलीतलं तेल ओतलं. कडू वास जिना उतरून माजघरात आला. नात्यातल्या एकीने नाकाला पदर लावला. 'हाई लिंबोळीनं तेल कोनी टाकं वं? गरीबना घरना मायक वास ई ऱ्हायना.'

'मी टाकं,' सासूबाई म्हणाल्या. 'ऱ्हाऊ द्या.'

चौथ्या-पाचव्या दिवशी पिंजारीण भेटायला आली. ती परसदारातून आत आली, दोन पावलं टाकली, वास घेतला आणि तिथेच उंबऱ्यावर बसली. तोंडावर ओढणी धरून अशी रडली की तिला पाणी द्यावं लागलं. मी मनात म्हटलं, हिचं आणि सासऱ्यांचं असं काय नातं? गाद्यांची मजुरी तर चोख दिली होती. दहा दिवस तो कापूस आणि ते तेल पुरलं.

पुढे मी मोठी झाले, नवरा शिकून परत आला, व्यापार बघू लागला. दोन्ही दीर मोठे होऊन नोकरीला बाहेरगावी गेले. आमचे दिवस बरे गेले. मला चार मुलं झाली आणि शेवटच्या खेपेला सासूबाईंसारखंच झालं. नंदुरबारच्या डॉक्टरने तेच वाक्य सांगितलं. पण माझा नवरा शिकलेला होता, त्याने पुढचा प्रश्न विचारला. मग मुंबईहून पार्सलं येऊ लागली. रबराच्या वस्तू, डबीत पावडर लावून ठेवलेल्या. यजमानांना त्यांची इतकी लाज की ती डबी तिजोरीत ठेवत, दागिन्यांच्या शेजारी. किल्ली त्यांच्या कमरेला. मला हसू यायचं. पण काही वर्षं तरी आम्ही एका छताखाली नवरा-बायकोसारखे राहिलो, ते पैशाच्या जोरावर राहिलो, हे मी विसरत नाही. गल्लीत कितीतरी जणी होत्या, त्यांच्यासाठी मुंबईहून काही येत नव्हतं.

मग दुसरी मोठी लढाई लागली आणि पार्सलं बंद झाली. रबर कुठेच मिळेना. एक दिवस यजमानांनी आपली गादी गड्याकरवी माडीवर नेली, वडिलांच्याच खोलीत. खाली माजघरात मी, मुलं आणि जिन्याच्या दाराशी सासूबाई. म्हाताऱ्या झाल्या होत्या, वाऱ्याला बरं म्हणून दाराशी निजायच्या. त्या आपण होऊन तिथे आल्या होत्या की कुणी सांगितलं होतं, मला कळलं नाही. जेवताना यजमान मोठ्या मुलाला म्हणायला लागले, तुझ्या आईला सांग, उद्या लवकर निघायचं आहे. मी समोरच वाढत असायची. भर माणसांच्या घरात इतकी एकटी मी कधीच नव्हते, कणगीमागे रडताना सुद्धा नव्हते.

एकदा नात्यातल्या एक वडील बाई आल्या होत्या. माझ्या तोंडाकडे बघून त्यांनी ओळखलं. म्हणाल्या, 'मोठानं लगीन उरकी टाक. घरमा सून उनी का सम्दं आपोआप थांबस. तुले इतली लहान कशाले आनी, तुले ठाऊक नई का? तुन्ही सासूकरता.'

त्यांनी ते सहज सांगितलं, घरोघरी चालणारी गोष्ट म्हणून. मांडव, जेवणावळी, वडिलांचा अभिमान, जिन्याच्या दाराशी घातलेलं माझं अंथरूण. सगळं एका दमात समजलं. मला संताप आला आणि तो कुणावर काढायचा ते कळेना.

दुसऱ्या दिवशी मी पिंजारणीकडे गेले. नवरा वारला होता, पिंजण भिंतीला टांगलेलं होतं, तीच एक खोली. मी तोंड उघडायच्या आत तिने ओळखलं. उरलेली अर्धी गोष्ट तिने मला सांगितली, आखाजीची, मला आणि दिरांना धाडून घर कशासाठी मोकळं करायचं होतं त्याची.

'तुन्ही सासू गंज खूश व्हती त्या वरीसले,' ती म्हणाली. 'नवरीना मायक.' नवरीसारखी.

मग तिने कापूस दिला आणि तेल दिलं. मी विचारलं, याची खात्री आहे का? ती तेच जुनं हसू हसली. 'खात्री कसानी? मन्हा धाकला काय या तेलले इचारीसन उना का?' म्हणजे भीती होतीच. जीव जाण्याची. तरी मी बाटली पदराखाली घेतली.

घरी येऊन ती पेटीत ठेवली, वर तीन लुगडी घातली. लिंबोळीचा वास लुगड्यांना ऐकत नाही. संध्याकाळी सासूबाई माजघरात आल्या, थबकल्या. त्यांनी पेटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी तांदूळ निवडत होते, मान वर केली नाही. त्या खाली बसल्या आणि माझ्यासमोरच्या सुपातले खडे वेचायला लागल्या. बराच वेळ दोघी वेचत होतो.

आखाजीला चार दिवस होते. सकाळी उठून पाहते तो सासूबाई अंघोळ करून, पांढरं लुगडं नेसून ओट्यावर, शेजारी बोचकं. गड्याला गाडी जुंपायला सांगितलेली. चारही नातवंडं तयार करून बसवलेली, मोठ्यासकट.

यजमान गोंधळले. 'माय, कोठे जाई ऱ्हायनी?'

'माहेर.'

'आते माहेर कोन शे तुन्हं?'

'भाचा शे. आंबाना झाडं शेत.'

लेकाच्या लग्नापासून त्या माहेरी गेल्या नव्हत्या. आईबाप कधीच गेले होते. विधवा बाई, साठीची, आखाजीला माहेरी निघाली म्हणून शेजारच्या ओट्यावरची माणसं हसायला लागली. कुणीतरी म्हणालं, म्हातारी आता झोका खेळणार. त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मी पुढे झाले. मला खूप बोलायचं होतं, पंचवीस वर्षांचं, आणि ओट्यावर सगळे उभे होते. मी एवढंच म्हटलं, 'आत्याबाई, नका जाऊ.'

तेच शब्द, जवळजवळ तेच. त्यांनाही ते आठवलं असावं, कारण त्यांचे खांदे हलले. माझ्या डोक्यावर हात ठेवून त्या मला एकटीला ऐकू जाईल असं म्हणाल्या, 'तुले कळत नव्हतं पोरी. मले कळस.'

मग मुलांना गाडीत चढवलं, स्वतः चढल्या आणि गड्याला म्हणाल्या, हाक. गाडी वळणापर्यंत गेली तरी मी ओट्यावर उभी होते. यजमान दाराच्या आत उभे होते.

दुपारी माजघर झाडायला घेतलं. सासूबाईंनी आपलं अंथरूण गुंडाळून कोपऱ्यात ठेवलं होतं, वर चादर नीट घडी घालून. जिन्याच्या दारापर्यंत जमीन मोकळी होती. तिथे मी बसले आणि त्यांच्यासाठी रडले.